डाव्या कानावर अकरा पानं

सौभाग्यवती केवळाबाईस, बोरीहून तुझी थोरली बहीण धुरपता हिचा पोटभर आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला उतार पडला का? तुझ्या मालकाचा खोकला गेला, का खोकला हाय आन् तुझी झोप गेली? इकडं सगळी खुशाली हाय, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहायला लावलं. खरं म्हणशील तर चार दिवस झाले, माझ्या छातीत कोणीतरी मिरच्या कांडायलंय.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझी सून फोनचा आवाज मोठा ठेवते आन् माझी शिंक बी अख्ख्या राणीसावरगावाला ऐकू जाते. तू तिसरी शिकलीस, अक्षराला अक्षर लावून एकटीच वाच. लिहून घ्यायला दुसरं कोणी न्हाई (सटवाजी माझा लेक खरा, पण त्याला अर्ज सोडून काही लिहिता येत न्हाई, तुला बी 'महोदया' म्हणून बसंल), म्हणून नात साधनाच लिहायलीय. आन् जे सांगायचं ते तिच्याच जिवावरचं हाय. तिच्याकडं बघून सांगायची छाती न्हाई, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून सांगायलेय. (पोरी, मधी बोलायचं न्हाई. हात चालव.)

तुला ठाऊक हाय, साधना सहा वर्षं झाली विद्यापीठात आपल्या धनगरी बायांवर पीएचडी करायलीय. तिला एक गाईड हाय. तिच्या भावाचं, हरिओमचं, दहावीचं गाईड पुस्तक होतं, गुमान फळीवर पडून राहायचं. हे गाईड माणूस हाय, चहात साखर कमी घेतं आन् लिहिलेलं सगळं परत लिहायला लावतं. तर तीन वर्षांमागं उन्हाळ्यात मी तुरी निवडत बसले होते आन् ही मोबाईल पुढं ठेवून विचारायली. लेकराचं नाव कोण ठेवतं, घोंगडीचा मान कोणाचा. सांगितलं. दोन-दोनदा सांगितलं. पंचेचाळिसावा प्रश्न आला, मेंढ्या कातरायच्या आधी बाया काय विधी करतात? केवळे, काय करतात ते तुला मला ठाऊक हाय. भाकरी करतात. दहा माणसं कातरायला बसल्यावर विधी करायला सवड कुणाला? पण 'काही न्हाई' म्हणलं की पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं (आन् माझी खोड तुला ठाऊकच हाय). म्हणलं, कानमाफी करतात. बाई मेंढीच्या कानात माफी मागते, 'तुझं घेतलं, माझं झालं, थंडी सरंल, लोकर उगवंल.' बोलता बोलता जुळलं बी बघ. म्हणली, कोणत्या कानात? म्हणलं, डाव्या. समोरच्या मेंढीच्या उजव्या कानाला गोचीड होती, दुसरं कारण न्हाई. म्हणली, शिकवलं कोणी? तवा मी आपल्या मायचं नाव घेतलं. माय मरून तीस वर्षं झाली, ती काय नाकारायला येते! सांजच्याला सांगू की थाप होती, असं ठरवलं. सांजच्याला पाव्हणे आले. दुसऱ्या दिवशी तिची बस होती.

त्या थापेचं एक आख्खं प्रकरण झालं, बावन्न पानांचं. त्यात डाव्या कानावर अकरा पानं. हैदराबादला परिषद झाली, तिथं हिनं तेच वाचून पहिलं बक्षीस आणलं. ते काच लावून खंडोबाच्या फोटोशेजारी टांगलंय. देवाला हात जोडले की नजर घसरून तिकडंच जाते. मागल्या महिन्यात विद्यापीठात गुणगौरव झाला. कोणी नाटकात नंबर काढलेला, नागेश नावाच्या पोरानं आठवडी बाजारातल्या भांडणांवर पीएचडी केलेली (तुझं नाव त्यात हाय का, विचारायचं राहिलं). मग मला वर बोलावलं, शाल दिली, बोला म्हणले. मी कानमाफी सांगितली तशी सगळी सभा खळखळून हसली, गाईडनं तर डोळे पुसले. शिकलेली माणसं लय मोकळी असतात. पण ती शाल अंगावर घेतली की चटका बसतो.

आन् आता गुरुवारी बाहेरच्या परीक्षक बाई यायल्यात. थेट दारात, कॅमेरा घेऊन. त्यांना कानमाफी बघायचीय, आन् मायचं नाव निघालं म्हणून पुढं तुझ्याकडं बी जाणार हायेत. त्यांनी सही केली तर पोरगी डॉक्टर, न्हाई तर सहा वर्षं पाण्यात. आपल्या खानदानात तिच्याआधी कोणी बारावी ओलांडली न्हाई. आन् तिला बुडवणार कोण, तर आजी. जीप वाजली की मी कोंबड्यांच्या डालग्यामागं जाऊन बसते. काल दूधवाल्याच्या गाडीला भिऊन अर्धा तास बसले.

परवा म्हणलं, तालीम तरी करावी. एक गरीब मेंढी धरली, डाव्या कानाला तोंड लावलं, 'तुझं घेतलं' एवढं म्हणते तोच तिनं मान झटकली आन् माझा खालचा शेवटचा दात तिच्या लोकरीत गेला. तो शोधायले तर मागं सून उभी. तिनं सटवाजीला सांगितलं, आत्याबाई मेंढीशी बोलायल्यात. जेवताना सटवाजीनं माझ्या ताटात दही जास्त वाढलं आन् हळूच म्हणला, "माय, परभणीला डोक्याचा चांगला डॉक्टर हाय." म्हणलं, "घरातच एक व्हायलीय, ती झाली की बघू."

तवा थोरली असून तुझ्या पाया पडते. बाई आल्या की म्हण, होय, आमची माय कानमाफी करायची, डाव्याच कानात. डावा विसरू नको.

(पोरीचे खांदे हलायलेत. मी तिकडं बघत न्हाई.)

तुझी धुरपता. अंगठा खाली हाय.

ता. क. वरचं शेवटचं खोडून टाक म्हणलं तर साधना म्हणते खाडाखोड बरी दिसत न्हाई, म्हणून खाली सांगते. तू खोटं बोलू नको. पोरगी मला एका शब्दानं बोलली न्हाई, ते लय लागलं. गुरुवारी मीच बाईंपुढं हात जोडून खरं सांगते. प्रकरण गेलं तर जाऊ दे, पोरीनं खोट्यावर उभं राहू नये. एवढं ठरवलं.

ता. क. दुसरा. मावशीआजी, हे मी, साधना, लिहितेय. आजीला वाटतंय मी पत्ता लिहितेय. कानमाफी ही थाप आहे हे मला त्याच वर्षी कळलं होतं. तेरा गावांत विचारलं, सगळ्या बायांनी भाकरीच सांगितली. चौथ्या प्रकरणाचं नाव आहे 'आजी थाप मारते तेव्हा'. प्रश्न विचारायला आलेल्या शिकलेल्या माणसाला बाया कशा गुंडाळतात, त्यावर ते आहे, आणि बक्षीसही त्यालाच मिळालं. परीक्षक बाई विधी बघायला येत नाहीत, थाप कशी रचली जाते ते बघायला येतायत. गुरुवारी आजी खरं बोलली तर मी त्यांना दाखवू काय? आणि आजीला सांगावं, तर तिच्या थापेवर बावन्न पानं लिहिली, भर सभेत तिला शाल देऊन तीच थाप सांगायला लावली, हे ऐकून ती मला उंबऱ्याच्या आत घेईल का? बाईंना मी भीत नाही, आजीला भिते. तेव्हा बुधवारच्या आत तिला फोन करा आणि शपथेवर सांगा, की माय खरंच कानमाफी करायची, तूच विसरलीस.