अव्वाचा आवाज आणि बाजारभाव

२ एप्रिल ७८, रवि.
चुलतभावाचा टेपरेकॉर्डर मागून आणला. मोठ्या चकत्यांचा. जिना चढताना कंबर धरली. ता. १७ ला मिरजेत अव्वाच्या घशाचं ऑपरेशन. डॉक्टर सरळ म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आईंना बोलता येणार नाही. म्हणून तिची माहेरची कन्नड गाणी आत्ताच भरून ठेवायची. आवाज घोगरा झालाय, पण अजून तिचाच आहे.
सकाळी एक भरलं. लावून ऐकलं तर अव्वाच्या मागून कुणी बाई शेंगदाण्याचे बाजारभाव सांगतेय! घरातला रेडिओ तर बंद. सौ.ला हसू आवरेना. मला रडायचं तेवढं बाकी होतं.

४, मंगळ.
रेडिओ दुरुस्तीवाले रहीमभाई येऊन गेले. माइकची लांब वायरच एरियलचं काम करते, रेडिओ केंद्राचा मनोरा जवळ, मग शिरणारच, म्हणाले. वायर आखूड केली. अर्थिंगची तार मोरीबाहेरच्या ओल्या मातीत पुरली. बाजारभाव पुसट झाले, गेले नाहीत. शिवाय खरखर. ती शेजारच्या नरसय्याच्या यंत्रमागांच्या मोटारींची. भिंतीला भिंत लागून.
सौ. म्हणते, असू दे थोडी खरखर. तिच्यावर उगाच खेकसलो. अव्वाचं सगळं तीच तर करते.

६, गुरु.
तोड सापडली. दुपारी तीन ते पाच केंद्र बंद असतं. शनिवारी माझा हाफ डे. राहिले माग. लाज गुंडाळून नरसय्याकडे गेलो. कारण सांगितलं. तो म्हणाला, "अम्मासाठी व्हय? ठेवतो की बंद." चारही माग, तासभर. आणखी काही विचारलं नाही.

८, शनि.
सव्वातीनला सगळं तयार. माग थांबले. बावीस वर्षं या घरात राहतोय, एवढी शांतता दिवसा कधी ऐकली नव्हती. थोडं भरून बघितलं, टेप स्वच्छ, जराही खरखर नाही.
अव्वा माइकसमोर बसली. तोंड उघडलं, मिटलं. पहिला शब्दच आठवेना. पाणी दिलं. पुन्हा नाही. मी घड्याळ बघत होतो. नरसय्या तिकडे खोळंबलेला. शेवटी ओरडलो तिच्यावर. आता कशाला लाजतेस, आता गायचं नाही तर कधी...
पुढचं गिळलं. पण ती समजली.
मग हळूच म्हणाली, "लई सुनं वाटतंय रे. माग न्हाय तर ठेका कुटनं धरू? नरसय्याला लावायला सांग."
रोज दुपारी जोंधळे निवडताना ती भिंतीपलीकडच्या मागांच्या तालावर गात होती. इतकी वर्षं. माझ्या ध्यानातच नाही. मी तिचा तबलजीच घरी पाठवला होता.
माग लागले. ओळीनं पाच गाणी झाली. सहाव्याला खोकला आला, मग थांबलो.

९, रवि.
टेप ऐकली. खरखर आहे, खटखट आहे, मध्ये ती आहे. रहीमभाई म्हणाले, खरखर कमी करता येईल बहुतेक, मशीन दुकानात ठेवा. नको म्हटलं.

१६, रवि. मिरज.
संध्याकाळी पोचलो. अव्वा वाटेत खूप बोलली. एका स्टेशनात गाडी थांबली तेव्हा सौ.ला पिठल्यात लसूण किती ते सांगत होती. काहीच विशेष नाही. ऐकत राहिलो.

२०, गुरु. मिरज.
ऑपरेशन सोमवारी नीट झालं. आज उशाला टेकून बसली. गळ्याला नळी, पांढरं बँडेज. मी नवी पाटी-पेन्सिल आणली होती. तिनं घेतली, चार ओळी भराभर लिहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिली.
कन्नडमध्ये. ती इंडीकडच्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. आम्ही भावंडं मराठी शाळेतली. घरात बोलतो दोन्ही, पण कन्नड वाचायला कुणी शिकलंच नाही. सौ.ही नाही. एवढ्या तयारीत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.
मान हलवली, समजल्यासारखी. ती हसली नाही. पाटीवर बोट आपटून पुन्हा दाखवलं.
रात्रपाळीची एक नर्स विजापूरची आहे म्हणतात. आठला येईल. पाटी मांडीवर धरून बसलोय, पुसू दिलेली नाही.