उसनं रक्त

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या बस डेपोत सध्या साखरेचा सुकाळ आहे. रक्त तपासायला डॉक्टर बसवलेत. चाळीस ड्रायव्हरांपैकी सतरा जण गोड निघाले. ज्याची साखर जास्त, त्याचं स्टिअरिंग काढून घेतात आणि त्याला चौकशीच्या खिडकीत बसवतात. खिडकी एक, माणसं सतरा. प्रवाशाने वेळ विचारली तर सतरा उत्तरं मिळतात.

मंगळवारी माझा नंबर. माझं पोट तुला ठाऊकच आहे, गाडीत माझ्याआधी तेच चढतं. बावीस वर्षं गाडी चालवली रे, खिडकीत बसवलं तर मी मरेन. तू दहा वर्षं बिनसाखरेचा चहा पिऊन आमचा सगळ्यांचा जीव खातोयस, त्याचा घराला काही उपयोग होऊ दे. माझ्या नावावर तू रक्त दे. रक्त काढणारी बाई मान वर करून बघतसुद्धा नाही.

लोभ आहेच, मंगळवारपुरता जरा वाढव.

तुझा,
धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक थोबाडीत.

तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, कॉपी करणाऱ्या पोरांना पट्टीने फोडलं, आणि आता सख्ख्या भावाला पास करायला मीच डमी बसायचं! धन्य आहे तुझी. लहानपणीही चाल म्हटलं की तुझं फक्त तोंड चालायचं.

माझ्याकडे बघ. चार महिन्यांत नऊ किलो उतरलो, तेही काही न करता. दिवसाला चार तांबे पाणी रिचवतो. तुझी वहिनी म्हणते, डॉक्टरला दाखवा. तिला म्हटलं, डॉक्टरलाच माझ्याकडे पाठव, काहीतरी शिकेल. असो. येतो मंगळवारी.

माया वाढू दे, वजन नको.

तुझा,
दादा

१४ जून

ती. दादास,
शि. सा. न.

अभिनंदन! तुझं आदर्श रक्त तीनशे ऐंशी निघालं. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही उभे तरी कसे आहात? काय सांगू, उभा राहणारा घरी कवायत करतोय म्हणून? गाडी गेली. खिडकीतला अठरावा मी.

आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या, मग हसू आलं. मग तुझे नऊ किलो आठवले आणि घामच फुटला. आजच्या आज डॉक्टरकडे जा.

काळजीत असलेला,
धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुमच्या डेपोचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. बाटल्या बदलल्या असणार. कागदावर नाव तुझं, तेव्हा रोगही तुझाच. माझ्या टाचेची जखम सहा आठवडे भरत नाही, ती नव्या बुटांमुळे. पुन्हा हा विषय काढलास तर माझं पत्र येणार नाही.

तुझा,
दादा

२५ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी माझं रक्त पुन्हा काढलं. साखर अगदी बेताची! पोट हे नुसतंच पोट निघालं. लबाडीबद्दल मात्र वर्षभर निलंबित झालोय. खिडकीतली मंडळी म्हणाली, मूर्खा, गप्प बसला असतास तर दोन महिन्यांनी फेरतपासणी होती, आपोआप सुटला असतास.

ते मलाही कळत होतं, एवढा बैल मी नाही. पण तो कागद माझ्या नावावर होता तोवर तू दवाखान्याची पायरी चढला नसतास. आता डॉक्टरांनी माझं नाव खोडून तुझं घातलंय, सही-शिक्क्यासकट. सोबत जोडलाय. नीट वाच. मी रविवारी येतोय, आपण दोघं मिळून जाऊ. दादा, मला फार भीती वाटतेय.

गाडी वर्षाने मिळेल. तुझा लोभ मात्र मला अजून पुष्कळ वर्षं हवा आहे.

तुझा,
धाकटा