चिलीची पट्टी आणि आमची पट्टी

गुरुजी, आपण जाऊन इतकी वर्षे झाली की आपल्या शाळेच्या जागी आता पाण्याची टाकी उभी आहे. तरीही आपल्याला काही विचारायचे म्हटले की माझे हात आपोआप मागे बांधले जातात. मी चौथीपुढे शिकलो नाही. परंतु आपण घोटून घेतलेले अक्षर मी बिघडू दिले नाही आणि अर्ज लिहून घेण्यासाठी आजवर कोणाच्या दारात उभा राहिलो नाही. आज जे विचारायचे आहे ते घरात कोणाला विचारता येत नाही, म्हणून आपल्याला लिहीत आहे. माझ्या मुलाची द्राक्षबाग ठेवावी की तोडावी, एवढाच तो प्रश्न आहे.

देवगाव फाट्याच्या अलीकडे, जेथे चहूकडे कापूस आणि सोयाबीन असते, तेथे मुलाने द्राक्षे लावली. लोक गाडी थांबवून पाहत असत. माल परदेशी धाडायचा असा त्याचा बेत होता, आणि आरंभी तो गेलाही. परदेशी लोकांना घड हिरवा लागतो, उन्हाने पिवळा पडलेला चालत नाही. त्यासाठी घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून टाचून ठेवतात आणि तोडणी जवळ आली की काढतात. या वर्षी त्या कामावर मी स्वतः देखरेखीला उभा होतो. कागद हाती आला की मी त्यावरून नजर फिरवीत असे. तेव्हा कामावरची एक बाई म्हणाली, "आबा, आदी तुमी वाचणार, मंग घडाला देणार. द्राक्षं शाळंत घातली का काय?" साऱ्या बायका हसल्या. कागद सरळ लाव, एवढेच मी तिला सांगितले.

पुढे व्यापाऱ्याच्या माणसाचा निरोप आला, कागद काढून ठेवा, परवा गाडी येते. आम्ही कागद काढले. गाडी आली नाही. विचारले तर तो फोनवर म्हणाला, "भाऊ, तिकडं चिलीचा माल उतरायलाय. गोदामं भरून हायेत. जरा दम धरा." मला ते पटेना. तेव्हा मुलाने मोबाइलवर दोन रंगीत पट्ट्या दाखवल्या. कोणत्या देशाने किती द्राक्षे बाहेर धाडली, त्याच्या त्या पट्ट्या होत्या. चिलीची पुष्कळ लांब होती, आपली आखूड. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि हे चूक आहे असे सांगितले. चिली म्हणजे, गुरुजी, आपण भिंतीवरच्या नकाशात छडीने दाखवलेला, शेवग्याच्या शेंगेसारखा देश. आपल्या एवढ्या मोठ्या देशापुढे तो पिकवणार तरी किती?

मुलगा म्हणाला, "आबा, पिकवायला आपणच लय पिकवतो. पण आपलं आपणच खातो. त्यायच्या घरी खाणारं हाय कोण? समदं जहाजावर."

आणि मी पुन्हा आपल्या वर्गात उभा आहे. खळ्यावरची आमची ज्वारीची रास शेजारच्या माळ्याच्या साऱ्या मळ्यापेक्षा मोठी, असे मी छाती काढून सांगतो आहे. आपण हातातला खडू खाली ठेवता. "माळ्याची वांगी परभणीच्या बाजारात जातात. तुझी ज्वारी तुझ्या उंबऱ्याबाहेर जाते का रे? मोठं कोण हे विचारलंच नाही मी. बाहेर कोण जातं ते सांग." पोरे खिदळतात. घंटा होईपर्यंत मी उभाच. मुलाचा मोबाइल परत देऊन मी उठलो त्याचे कारण हे. त्याला वाटले, आबा रागावले.

घड उघडे होते आणि ऊन चढत होते. कागद पुन्हा लावू, बायकांना बोलावतो, असे मी म्हणालो. मुलाने मान हलवली. मण्यांवर पांढुरकी झाक असते, ती हात लागला की पुसली जाते, आणि पुसलेला माल तर परदेशी लोक हातातसुद्धा धरत नाहीत. म्हणजे हात लावला तरी गेला, न लावला तरी गेला. आम्ही बांधावर बसून बाग पिवळी होताना पाहिली. आयुष्यात मी पुष्कळ कामे केली, गुरुजी. नुसते बसून पाहण्याचे काम मला येत नव्हते.

अखेर व्यापाऱ्याचा माणूस आला. एक मणी खाऊन म्हणाला, "गोडीला नाव न्हाई ठेवायचं, आबा. निस्ती साखर हाय. पण रंग गेला." माल परभणीला आणि गंगाखेडला गेला. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने मला हाक मारून विचारले, "काय आबा, विमान चुकलं का द्राक्षांचं?" द्राक्षे जहाजाने जातात, असे मी त्याला सांगितले.

काल सकाळी मुलगा ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसला. बाग लावताना त्याने मला विचारले नव्हते, आणि ते मी त्याला अनेकदा ऐकवले आहे. काल तो म्हणाला, "आबा, छाटणी जवळ आली. बाग ठिवू का तोडू? तुमी म्हणताल तसं." तो खरोखर थांबला होता. मी चिलीचा विचार करून पाहिला, ऊन, जहाज, व्यापारी, सगळ्यांचा विचार करून पाहिला. यातले काहीच माझ्या बोलण्याने हलणारे नव्हते. आपण असता तर म्हणाला असता, येत नसेल तर येत नाही म्हण. तेवढेही माझ्या तोंडून निघाले नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळते. घडी करून ठेवीन. मात्र एक सांगतो. मुलगा उत्तराची वाट पाहत असताना मी कप खाली ठेवला, चहा गार झाला म्हणून सुनेवर मोठ्याने बोललो आणि उठून आत गेलो. चहा गार झालेला नव्हता, गुरुजी.