नववं कलम

कारखाना,
ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला. चौथी यत्ता शिकलेल्या माणसाला रागात लिहायचं म्हणजे अक्षर आणि राग दोन्ही सांभाळावे लागतात. माझ्याच्याने एकच होतं. तुझ्या वहिनीची तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. माझं पोट नेहमीसारखंच. तू गळ्याला काहीतरी गुंडाळत जा, तुझा खोकला मला इथे ऐकू येतो.

आता मुद्द्याचं. आपले जुने शिंपीकाका गेल्या महिन्यात आले होते. वडिलांच्या हातची त्यांची कात्री, खालचं पातं खिळीपाशी मोडलेलं. म्हणाले, तुम्ही आता मोठे झालात, कंपनीचा माल करता, आमचं मोडकंतोडकं कशाला हातात घ्याल. मला ते लागलं. मी स्वतः भट्टीपाशी बसलो, दोन्ही पाती नवी घडवली, पाणी दिलं, ओल्या मलमलीचा तुकडा टोकाने कापून पाहिला. मग हात सवयीने कप्प्यात गेला, ठसा काढला आणि खिळीच्या वर आपली चांदणी उठवली. वडिलांचा नियमच होता, मलमल कापल्याशिवाय चांदणी नाही आणि चांदणीशिवाय कात्री दाराबाहेर नाही. काका इतके खूश झाले की ती कात्री त्यांनी दुकानात येईल त्याला दाखवली. त्यांत एक कंपनीचा विक्रेता निघाला.

आठवड्यापूर्वी कंपनीचं पत्र आलं. लिहितात की करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे आपली चांदणीची खूण कुठल्याही कात्रीवर, विकायची असो की भेट द्यायची, उठवायची नाही. या वेळी माफ केलं म्हणतात. पुन्हा झालं तर काम बंद. सोबत पुढच्या पाच वर्षांचा नवा करार पाठवलाय, त्यावर दहा एप्रिलपर्यंत सही हवी.

धाकट्या, पहिला करार तूच मला वाचून दाखवलास. समोर बसून, चौदाच्या चौदा पानं. तेव्हा मी एकच विचारलं होतं, त्यांच्या मालावर त्यांचं नाव असू दे, पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी आपली चांदणी राहील ना? तू म्हणालास, राहील. कंपनी खोटं लिहिते की मी चुकीचं ऐकलं, एवढं कळव. मनात तिसरंही काही येतं, ते लिहीत नाही.

तुझी खुशाली कळत राहो.

तुझा
दादा


ता. १९ मार्च

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. खोकला बरा आहे.

कंपनी खोटं लिहीत नाही. तुमचे कानही शाबूत आहेत, नको ते ऐकण्यात तर फारच. नववं कलम मी वाचलंच नाही. त्या पानाशी आलो, खोकलो, पाणी मागितलं आणि पान उलटलं. तुम्ही कागदाकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

दादा, ते दिवस जरा आठवा. सहा माणसं, त्यांतली दोन नुसती बसून. भट्टी आठवड्यातून दोनदा पेटायची. कंपनी आली म्हणून धारेचं यंत्र आलं. त्यांच्या इंजिनियरने भट्टीला उष्णतेचा काटा बसवला. तुम्हीच मला कौतुकाने लिहिलं होतं की पूर्वी पात्याचा रंग बघून अंदाज करायचो, दहांत तीन तडकायची, आता शंभरांत दोन. आज अडतीस माणसं आहेत, दुसरी शेड उभी आहे. मोठ्याच्या खांद्यावर बसलं की लहानाला लांबचं दिसतं, पण टोपी मग त्याने दिलेलीच घालावी लागते. ते कलम वाचलं असतं तर इंजिनियरला चहा पाजून तुम्ही वाटेला लावलं असतंत.

हे मी एकट्याने केलं, दुसऱ्या कुणाला यातलं काही ठाऊक नाही. चूक म्हणा, पण मन वाईट नव्हतं. नव्या करारावर सही करा, हट्ट करू नका. वहिनींना नमस्कार. लोभ तसाच असावा असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

आपला
धाकटा


कारखाना,
ता. २७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. ‘अनेक’ हा शब्द या वेळी जमला नाही.

केसाने गळा कापला म्हणतात ते आजवर नुसतं ऐकून होतो. जन्मभर कात्र्या केल्या, पण इतकी बारीक धार मला नाही लावता आली.

नवा करार मला वाचवेना, अक्षर मुंगीएवढं. म्हणून पॅकिंगला नवीन आलेल्या बाईंना यंत्रं थांबवून सगळ्यांसमोर वाचायला लावला. दहावी झालेल्या आहेत, आवाज खणखणीत. नववं कलम त्यांनी एका दमात वाचलं. मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही. मुकादम खिळींना तेल घालत होता, तो घालतच राहिला. ज्याला पहिल्यांदा कळतं तो निदान वर तरी बघतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाच वर्षं मी म्हणायचो, चांदणीच्या दोन डझन करू या, आणि मुकादम म्हणायचा, ही ऑर्डर जाऊ द्या, मग बघू. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, धाकट्या मालकांनी बजावलं होतं, मोठ्या मालकांना कळता कामा नये. म्हणजे तू एकट्याने केलंस हेही खोटं.

घरी येऊन तुझ्या वहिनीला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सही केली नसती. मी म्हटलं, नसतीच केली. ती म्हणाली, म्हणूनच. आणि घड्या घालत राहिली. माझ्याच घरात, माझ्याच कारखान्यात, मी सोडून सगळे शहाणे. लहान मुलापासून औषधाची बाटली लपवावी तसं तुम्ही सगळ्यांनी मला वागवलंत.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. काल इंजिनियर भट्टीचा काटा तपासायला आले होते. भला माणूस. मी त्यांना सरळ विचारलं की जुन्या गिऱ्हाइकांपुरती आमची खूण ठेवली असती तर तुमचं काय बिघडलं असतं? ते गोंधळले. म्हणाले, तेव्हा काहीच बिघडलं नसतं. दुसऱ्या दोन कारखान्यांनी मागितलं होतं, त्यांचं ते कलम आम्ही खोडून दिलं. तुमच्याकडून कुणी विचारलंच नाही. आता मात्र लोक आमच्या नावाने या घडणीची कात्री मागतात, आता कंपनी ऐकणार नाही.

धाकट्या, हे ऐकून मी भट्टीपाशी स्टुलावर बसलो तो दुपारची शिट्टी होईपर्यंत. कंपनीमुळे आपण वाढलो, ते मी नाकारत नाही. अडतीस घरांचा प्रश्न आहे, मी सही करणार आहे. करणार हे तुला तुझं पत्र लिहितानाच ठाऊक होतं, तेही सोसेन. पण मी एक शब्द बोललो असतो तर चांदणीही राहिली असती आणि कामही. तो शब्द बोलायची माझी वेळ तू खोकून घालवलीस.

रात्रंदिवस एकच डोक्यात घोळतं. कदाचित तू विचारलं असशील. माझ्या माघारी, हळूच, एकदा. कदाचित कंपनीतल्या दुसऱ्याच कुणी नाही म्हटलं असेल आणि इंजिनियरांना ते ठाऊक नसेल. तू लाजाळू, सांगायचं राहून गेलं असेल. तसं असलं तर दोन ओळी लिही, दहा तारखेच्या आत. तसं नसलं तरीही लिही. पोस्टमन अकराला येतो, मी दारातच असतो.

तुझा
दादा