तीन ठिपक्यांचा एक झाला

दादा,

गाडी मी नेली आहे. वहिनीला आणायला निघालेय. तू फिरायला जाताना फोन घरीच विसरलास, म्हणून ही चिठ्ठी.

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी गावांची नावं सारखी करत बसते म्हणून तू हसतोस ना? आपलं ते टेकडीवरचं घर त्यात तीन नावांनी होतं. आत्याने लिहिलं 'टेकडीवरचं घर', काकांनी 'जुनी गिरणी', बाबांनी नुसतंच गावाचं नाव. आज सकाळी मी तिन्हींना एकच नाव दिलं. नकाशावरचे तीन ठिपके एकावर एक बसले आणि त्याखाली तिथे वारलेल्या तिघीजणी आल्या. आत्याची जाऊ, थोरली काकू आणि बाबांची धाकटी बहीण. तिघी ऐन थंडीत गेल्या, तिघी झोपेत. जो तो आपल्या घरातल्या एकीपुरतंच म्हणत राहिला, बिचारीचं हृदय कमजोर होतं.

बाबांना विचारलं, त्या कुठे झोपायच्या? म्हणाले, "मागच्या खोलीत. कोळशाची शेगडी तिथेच आहे ना, ऊब असते." त्या खोलीची खिडकी उघडतच नाही, दादा.

काल वहिनी त्याच घरातून फोनवर म्हणत होती की फार गारठा आहे. मागच्या खोलीत जाऊन शेगडी पेटव, असं तूच तिला सांगितलंस.

सकाळपासून तिचा फोन नुसता वाजतोय, ती उचलत नाही. तिथल्या दुकानदाराचा नंबर तुझ्या फोनमध्ये असेल, पण मला तो उघडता आला नाही. त्याला आत्ता लाव. म्हणावं, दार वाजवत बसू नका, खिडकी फोडा.