मेन स्विच पाडून बघ

मयूर विहार, दिल्ली
५ एप्रिल २०१७

ती. अलकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या अण्णांना २४ तारखेला हॉस्पिटलमधून घरी सोडतील, पण ऑक्सिजनचं मशीन कायम लावायचं आहे. ते विजेवर चालतं. सोबतचा छोटा सिलिंडर अर्धा तास पुरतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाईट गेली की दोन-तीन तास येत नाही.

काळजी करू नकोस. गच्चीवर आपल्या वाट्याला दहा बाय बारा फूट जागा. तिथे पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या बसवायच्या, असं दोन वर्षं घोकत होतो. त्या अर्ध्याहून जास्त ऊन पाण्यात उतरवतात. विजेचं पॅनेल जेमतेम सहावा हिस्सा वापरतं. पण गरम पाण्यावर मशीन चालत नाही! म्हणून एक किलोवॉटची पॅनेलं बसवली, बरोब्बर दक्षिणेला तोंड करून. मशीनला साडेतीनशे वॉट पुरतात. लाईट जाते ती भर उन्हात, मग बॅटरी कशाला? बॅटरी हिशेब न येणाऱ्यांसाठी.

माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
तुझा श्रीरंग


नाशिक
१० एप्रिल

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद.

वॉट, फूट, दिशा सगळं कळलं. तुझ्या बायकोची, प्रभाची, खुशाली तेवढी राहिली. कॉमर्स शिकून सूर्याला कामाला लावलंस, कौतुक आहे हो.

पण एक विचारते. समोरच्या वृंदाकडे अशीच बिनबॅटरीची पॅनेलं आहेत. गुरुवारी दुपारी लाईट गेली, तर हिच्या गच्चीवर रणरणतं ऊन आणि ही हातपंखा मागत माझ्या दारात. मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं, म्हणून तू मेन स्विच पाडून बघ. अण्णा यायच्या आधी बघ. ‘ताईला काय कळतं’ असं मनात म्हणून घे आणि मग बघ.

राग आला तरी उत्तर धाड.
तुझी ताई


दिल्ली
१७ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न.

राग आला. दोन दिवस स्विचला हात लावला नाही. काल बारा वाजता प्रभाला पंख्याखाली उभं करून मेन पाडला. पंखा थांबला. बाहेर लख्ख ऊन, घरात सगळं ठप्प.

कंपनीची लाईट गेली की पॅनेलची वीज घरात सोडणारं यंत्र मुद्दाम बंद होतं, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या लाईनमनला शॉक बसेल. माहितीपुस्तकात आहे, पान चौदा. मी त्या वाक्याखाली लाल रेघसुद्धा मारली होती, सुरक्षेची केवढी छान सोय म्हणून! तेव्हा अण्णांचं मशीन डोक्यात आलंच नाही.

प्रभा म्हणाली, अच्छा, आता पुस्तक मिटा आणि चलो करोल बाग. बॅटऱ्या आणि त्यांना जुळणारा इन्व्हर्टर सांगून आलो. शनिवारी बसतील, सोमवारी अण्णा येतील. तुझ्या इंजिनिअर लेकाला, उल्हासला, यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

श्रीरंग


दिल्ली
८ मे

ती. ताईस, शि. सा. न.

सगळं सुखरूप आहे, हे आधी.

काल रविवारी एक चाळीसला लाईट गेली, ती चार पंचवीसला आली. अण्णा झोपले होते. मी मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो. त्याची घरघर एकदाही तुटली नाही.

चारच्या सुमारास ते जागे झाले. खिडकीतून पाहून विचारलं, खाली एवढी मंडळी का जमलीत, कुणाचा साखरपुडा आहे का. म्हटलं, लाईट गेलीय, उकाड्याने बाहेर आलीत. मग आपली कशी आहे, म्हणाले. मी पॅनेलपासून पहिल्यापासून समजावलं, पान चौदासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सगळं तुझ्याच डोक्यातून आलं का रे.

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं, की स्विच ताईने पाडायला लावला.

अण्णा हसले. चांगले खांदे हलवून हसले. हसले की त्यांना खोकल्याची उबळ येते, म्हणून मी घाईने पाण्याचा पेला पुढे केला. लागला नाही गं, खोकला आलाच नाही.

लोभ ठेवतेस तसाच ठेव.
तुझा श्रीरंग