रस्त्याने जाऊन दाखव

१४ ऑक्टोबर, सोमवार

मी वेडी झालेले नाही. इथे एकदा लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी ऐकायला तयार नाही.

मुलीचा, कारीनचा फोन होता. ग्रनोबलला तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे, तिथे खोली रिकामी झाली आहे. खिडकीतून डोंगर दिसतात म्हणे. मला डोंगर काय करायचे आहेत! ४ नोव्हेंबरला त्यांना हो की नाही ते कळवायचं. म्हणजे तिने मनात हो केव्हाच म्हटलं आहे, फक्त मी म्हणायची राहिले आहे.

सगळं सप्टेंबरातल्या त्या दिवसामुळे. मी सें-जाँ रस्त्यावरून नेहमीसारखी एका घरात शिरले. आमच्या या जुन्या ल्यों शहरात अशा वाटा आहेत. एका रस्त्यावरचं दार ढकलायचं, घराच्या पोटातून, अंगणातून जायचं आणि मागच्या रस्त्यावर निघायचं. त्राबूल म्हणतात त्यांना. लग्न झाल्यापासून मी अशीच फिरते. त्या दिवशी मागच्या दाराला आकड्यांचं नवं कुलूप. मागे फिरले, तर पुढचं दारही मिटलेलं, त्यालाही तेच कुलूप. बसले पायरीवर. काय करणार? बऱ्याच वेळाने वरचा भाडेकरू आला. तरुण, सभ्य. त्याने विचारलं, मादाम, आपण कुठे आहोत ते कळतंय का? मी म्हटलं, सें-जाँ आणि ब्योफ रस्त्यांच्या मध्ये. मग विचारलं, इथून रस्त्याने घरी कसं जाल? आणि मला सांगता येईना.

रस्त्याने मी कधी गेलेच नव्हते. पण हे त्याला कसं समजावणार. त्याने माझ्या पर्समधला नंबर पाहून कारीनला फोन लावला.


१६ ऑक्टोबर, बुधवार

वरच्या मजल्यावरची गिल्बेर्त पायऱ्यांत भेटली. तिला सगळं माहीत! कारीन तिलाही फोन करते तर. म्हणते, “माझे दोन नवरे गेले सोलांज, पण मी एकदाही वाट चुकले नाही.” मी म्हटलं, तू कधी कोपऱ्यावरच्या कॅफेच्या पुढे गेलीस का?

ती हसली. मला हसू आलं नाही.


१७ ऑक्टोबर, गुरुवार

मार्सियाल प्लंबर होता. या सगळ्या जुन्या घरांचे नळ त्याने बसवले, त्यामुळे त्याला ही घरं आतून पाठ. कुठलं दार कुठे निघतं, कुठल्या अंगणात विहीर, कुठल्या जिन्याखाली डोकं वाकवायचं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मला घेऊन निघाला तो एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, पुन्हा आत. मी म्हटलं, आपण चोर आहोत का? म्हणाला, नाही, आपण पाणी आहोत.

तो गेल्याला येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. मी अजून त्याच्याच वाटांनी जाते. कुणी त्याला चुकणं म्हणत असेल तर म्हणो.


१९ ऑक्टोबर, शनिवार

आज कारीनशी फोनवर भांडण. मी कुलपाचं सांगितलं, शंभरदा सांगितलं असेल. ती शांतपणे ऐकते, तेच मला सहन होत नाही. लहान मुलांशी बोलतात तसा तिचा आवाज होतो.

शेवटी ती म्हणाली, पर्यटन कार्यालयात फुकट नकाशा मिळतो, जुन्या शहराची फेरी आपली आपण करण्याचा. शाँज चौकापासून कॅथेड्रलपर्यंत, आकडे घातलेला. तोसेंला, बाबांना फुलं ठेवायला, मी येतेच आहे, तेव्हा तू ती फेरी एकटीने करायची. मी शेवटी उभी राहीन.

“काल आलेला जपानी माणूस ते करतो, आई. तूही रस्त्याने जाऊन दाखव. जमलं, तर मी खोलीचं नाव काढणार नाही.”

मी हो म्हटलं. माझ्याच गावात माझी परीक्षा — पाहुण्यांच्या कागदावर.


२१ ऑक्टोबर, सोमवार

नकाशा आणला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कुठल्या भाषेत हवा? मी म्हटलं, इथल्याच.

पुस्तकं मी वाचते. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, लाँड्रीत इस्त्री करत करत वाचायला शिकले ते खऱ्या अर्थाने वाचायला. पण नकाशा वाचता येत नाही. एवढी वर्षं लागलाच नाही. टेबलावर पसरला आणि पहिल्यांदा पुस्तक हातात घेतलं होतं तसंच केलं. बोट ठेवून, ओठ हलवत. हा चौक. ही नदी. हे आमचं घर — फिकट पिवळा ठिपका, त्याच्यावर आकडासुद्धा नाही.


२३ ऑक्टोबर, बुधवार

पहिला सराव. वाईट.

शाँज चौकातून बरोबर निघाले. नंतर एक वळण लवकर घेतलं आणि एका कारंज्यापाशी आले. पुन्हा निघाले, पुन्हा तिथेच. चेस्टनट भाजणारा माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी उगाच कोट झटकला. एक जोडपं तोच कागद उलटा धरून भांडत होतं. मी त्यांचा कागद सरळ करून दिला. त्यांनी विचारलं, कॅथेड्रल कुठे? मी आत्मविश्वासाने बोट दाखवलं. चुकीच्या बाजूला — ते घरी आल्यावर कळलं. बिचारे टेकडी चढले असतील.

घरी येऊन रडले नाही. सूप गरम केलं, तेही सगळं प्यायले.


२५ ऑक्टोबर, शुक्रवार

गिल्बेर्तने पाहिलं. नकाशा हातात, मी कोपऱ्यावर उभी. सरळ येऊन म्हणाली, “काय गं, पर्यटक झालीस?” मग माझा चेहरा पाहिला असावा, कारण आवाज उतरला. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, कारीनला यातलं एक अक्षर सांगशील तर बघ. ती म्हणाली सांगणार नाही. पण एक अट घातली. पुढच्या वेळी चुकशील तर मला सांगायचं, पोरीला नाही सांगितलंस तरी चालेल.

मी अट मान्य केली. माझ्यावर कुणी तरी लक्ष ठेवून आहे याचा राग आला, आणि नाहीही.


२७ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं मागे घेतली. अंधार लवकर पडणार आता, म्हणून सकाळीच गेले.

आज फेरी पूर्ण झाली! शाँज चौक, मग त्र्वा-मारी रस्ता, मग सें-जाँ, ब्योफ, शेवटी कॅथेड्रल. एकदाच थांबले, एकदाच कागद फिरवला.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. ज्या घरांच्या अंगणांतून मी सगळं आयुष्य गेले, त्यांच्या दर्शनी भिंती मी आज पहिल्यांदा नीट पाहिल्या. दारांवर दगडी माणसं, खिडक्यांवर वेली. सुंदर आहेत. आणि तिथे मार्सियाल नाही. आत, जिन्याखाली, नळापाशी, ओल्या फरशीवर तो असतो. तिथे तो शिट्टी वाजवतो. बाहेरच्या रस्त्यावर तो माझ्याबरोबर कधी चाललाच नाही, मग असणार कसा?

म्हणजे हे घर राखायचं, तर ते गाव शिकायचं ज्यात तो नाही. असा सौदा आहे तर.


२९ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा गेले. बरोबर. कागदाशिवाय.


३१ ऑक्टोबर, गुरुवार

कारीन आली. बारीक झाली आहे. आल्या आल्या फ्रीज उघडून तारखा तपासल्या, मग औषधांची डबी. मी मुकाट्याने बघत होते. जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आज वार कुठला? मी म्हटलं, गुरुवार, आणि उद्या तोसें, आणि तुला माशाचे क्नेल आवडतात, आणि तू लहानपणी काट्याने वाटाणे ढकलायचीस.


१ नोव्हेंबर, शुक्रवार

टेकडीवरच्या लोयास दफनभूमीत गेलो. जिकडे तिकडे शेवंती. मार्सियालच्या दगडावर मी पिवळी ठेवली, कारीनने पांढरी. ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. मग म्हणाली, त्या दिवशी फोन आला ना, मला वाटलं तूही गेलीस.

हे ती मला आधी का नाही म्हणाली? मग मी एवढी भांडले नसते. कदाचित भांडलेही असते.


२ नोव्हेंबर, शनिवार

झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

दुपारी ती मला शाँज चौकात सोडून पुढे गेली. जाताना माझ्या गळ्यातला रुमाल सारखा केला. शाळेच्या फाटकाशी मी तिचा करायचे तसाच. मी निघाले. पावसाची भुरभुर, फरशा निसरड्या. त्र्वा-मारीपर्यंत ठीक. सें-जाँवर गर्दी, पण ठीक. पुढे वळायची गल्ली आली, तर ती बंद! फळ्या ठोकलेल्या, परांच्या उभारलेल्या, आत कामगार. मंगळवारी तिथे काही नव्हतं. नकाशात तर नव्हतंच.



आणि शेजारीच ते दार. हिरवं, जड, उजवीकडे बटण. आत काय आहे ते डोळे मिटून सांगेन. लांब बोळ, मग विहीर, मग गोल जिना, मग ब्योफ रस्ता. मार्सियाल मला तिथून किती वेळा घेऊन गेला. बोट बटणावर होतं. दाबलंही असतं. पण मागचं दार बंद निघालं तर? पुन्हा पायरीवर, पुन्हा तो सभ्य आवाज, आपण कुठे आहोत ते कळतंय का. आणि मी रस्त्याने जाईन म्हटलं होतं. मी बोट काढलं. त्या बंद दाराला मोठ्याने म्हटलं, आज नाही रे. एक बाई वळून बघायला लागली. बघू दे.

मग नकाशा उघडला, भिंतीला टेकवला, त्याच्यावर पाऊस. बोट ठेवलं. गल्ली बंद, तर नदीकडे उतरायचं, काठाने चालायचं, पुढच्या वळणावर परत वर. चौकटीबाहेरची वाट, तिच्यावर आकडा नव्हता. गेले. काठावर वारा एवढा, की कागद फाटला. सोन नदी उजवीकडे हवी की डावीकडे? डावीकडे, डावीकडे. हे मी बोलत बोलत चालले असणार.

कॅथेड्रलच्या चौकात कारीन हातात फोन घेऊन उभी होती. चेहरा पांढराफटक. मला पाहून आधी ओरडली, एवढा वेळ कुठे होतीस! पोलिसांना फोन करणार होते! मी म्हटलं, गल्ली बंद आहे, बांधकाम चाललंय, नदीवरून वळसा घेतला. तिचा विश्वास बसेना. मग तिने फाटका नकाशा हातात घेतला, मी कुठून कुठे आले ते बोटाने दाखवलं. ती बघत राहिली. तिने तिथेच, ओल्या फरशीवर, मला मिठी मारली.

“तू नकाशाच्या बाहेरून आलीस, आई.”

मग गुलाबी प्रालीनची, साखरेतल्या बदामांची टार्ट घेतली. दोघींनी एकाच काट्याने खाल्ली. सोमवारी सकाळी ती निवासाला नाही म्हणून कळवणार.

गिल्बेर्त जिन्यात वाटच बघत होती. मी नुसता अंगठा वर केला. तिने रेलिंगवर ताल धरला.


३ नोव्हेंबर, रविवार

कारीन गेली. गाडीत चढताना म्हणाली, नाताळला येईन. माझा फाटका नकाशा तिने नेला. फ्रेम करणार म्हणे! घर शांत. चांगलं शांत.


४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पाव आणायला खाली उतरले. आमच्याच घराच्या अंगणात उभी राहिले आणि घरी कुठून जायचं ते कळेना. किती वेळ, माहीत नाही. गिल्बेर्तने हाताला धरून वर आणलं.

एकही दार बंद नव्हतं.

कारीनने अजून नाही कळवलं नसेल म्हणून घाईने तिला फोन लावला आणि खोलीला हो म्हटलं. मीच.